नाना फाटकाखालून जात नाय

रेल्वेचं फाटक पडलं का माणसं साठतात, न् माणसं साठली का किस्से. निडीजवळच्या आमच्या फाटकावर चहाची टपरी हाय, तिथं आमी म्हातारे बसतो. निम्मे किस्से एकट्या नानाचेच. बार खाली असला तरी सगळा गाव वाकून जातो. नाना नाय.

मी एकदा इचारलं, "नाना, गाडी अजून रोह्यालाच हाय. कोण बगतंय तुला?"

"मी बगतोय ना."

मी चहा सांगितला.

*

मग मी खोडी काढली. हमरापूरला माझा मेव्हणा गणपती रंगवतो. त्याच्याकडचा लाल-पांढरा रंग आणून बांबू रंगवला, न् नानाच्या गल्लीत आडवा बांधला.

नाना आला, थांबला. "कोणी बांधला?"

"मी. कायदा हाय."

"तुझ्या बांबूमागनं गाडी येते काय रं?"

मी बांबू सोडून घरी नेला. आता त्याच्यावर पडवळं चढलीत.

*

एकदा पेणवरनं नवा पोलिस आला. फाटक पडलेलं. त्याला बघून आमी सगळे सरळ उभे. त्यानं घड्याळ बघितलं न् स्वतःच वाकला.

नाना म्हणाला, "साहेब, बार खाली हाय."

साहेब लाजून माघारी आले. "तुमचं गाव लई शिस्तीचं."

"व्हय," नाना म्हणाला. "तुमी उभे हाव तवर."

*

पण खरा किस्सा नानाच्या पोराच्या, संदेशच्या लग्नाचा. मुलगी रोह्याची, मांडव रुळापलीकडं शाळेच्या मैदानात. आमचं वऱ्हाड वाजत फाटकावर आलं न् दोन्हीकडचे बार पडले. मालगाडी. मुहूर्त तोंडावर.

संदेश रडकुंडीला. "बाबा, वाकून जाऊ."

"तू जा. मी गाडी गेल्यावर येतो."

बापाला सोडून जातोय कुठं? मी म्हटलं, "नाना, मुहूर्त जाईल."

"दुसरा येईल. पोरगा एकच हाय."

तेवढ्यात पलीकडनं नवरी निघाली. शालू खोचलेला, हातात हार. एका बारखालून, रूळ ओलांडून, दुसऱ्या बारखालून थेट नानासमोर. मागं भटजी, धोतर सांभाळत.

नाना भडकला. "काय गो, कायदा कळत नाय?"

"कळतो मामंजी. पण अजून मी तुमच्या घरची नाय."

माझ्या टॉवेलचा अंतरपाट झाला. मंगलाष्टकं मालगाडीनंच म्हटली, भटजीचं काय ऐकू आलं नाय.

गाडी गेली, पण बार उठेना. मागं दुसरी होती. पलीकडनं जेवणाचा वास सुटलेला. वऱ्हाड एकेक करून वाकलं. संदेशही वाकला. पलीकडं जाऊन बगतो, तर बायको अलीकडंच, नानाच्या शेजारी उभी.

"ये गो लवकर," तो ओरडला. "पानं वाढलीत."

"तुमी जेवा," ती म्हणाली. "मी आता सासरची हाय."