फोन जरा गळ्याकडे धरा

आमच्या वृद्धाश्रमात किस्से कोणी मुद्दाम सांगत नाही. आमच्या नर्स निर्मलाबाई दुपारचा चहा गाळायला घेतात आणि एखादा आपोआप निघतो.

बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून मी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या या आश्रमात येऊ लागलो. तिला शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं. इथं कामही त्यातलंच मिळालं. ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासमोर दर बुधवारी मोबाईल धरायचा. नागपूरहून थेरपिस्ट मॅडम व्हिडिओवर गळा बघतात, घास गेला की बोलायला लावतात. आवाज घरघरला तर धोका. स्वच्छ आला तर घास बरोबर वाटेनं गेला.

*

यमुनाबाईंचा गळा दिसावा म्हणून मी फोन जवळ नेला. त्यांनी पदर गच्च ओढला.

“मॅडमना गळा बघायचाय, बाई.”

“माही गळ्यातली पोत पाहून राह्यली असन ते! सांग तिले, सोन्याची नाई!”

पलीकडून मॅडम म्हणाल्या, “माझीही खोटीच आहे, आजी!”

पदर खाली आला.

*

वासुदेवभाऊंना पातळ काही पिववत नसे. मॅडमनी चहात घट्ट करायची पूड घालायला सांगितली. भाऊंनी त्यात चमचा उभा करून पाहिला.

“निर्मला, हे पेवाचं हाये का भिंत सारवाची?”

शिव्या देत देत त्यांनी कप संपवला. ठसका एकदाही नाही. मग कप पुढे केला.

“दुसरी भिंत बाकी हाये!”

*

गंगूबाईंना मॅडमनी सांगितलं, मान खाली घालून गिळा.

“साऱ्या जन्मात कोनासमोर मान खाली नाई घातली. आता भातासमोर घालू?”

निर्मलाबाई म्हणाल्या, “भातासमोर घाला, बाई. तो कोनाले सांगत नाई!”

*

मडावीभाऊंचा किस्सा मात्र चहाच्या वेळी कोणी काढत नाही.

ते जंगलातल्या गावचे. लकव्यानंतर नाकात नळी होती. तोंडानं घास जमला नाही, तर नागपूरला नेऊन पोटाला भोक पाडून नळी बसवायची, असं ठरलं होतं. “पोट फाडू नका,” एवढंच ते म्हणायचे.

एका बुधवारी निर्मलाबाईंनी आंबिलीचा चमचा ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं. “खायची इच्छाच दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी निर्मलाबाईंनी चमचा त्यांच्याच हातात दिला. तो खाली गेला आणि आंबील जमिनीवर सांडली.

“हातही चालत नाही का?” मॅडमनी विचारलं.

“चालते, मॅडम,” निर्मलाबाई म्हणाल्या. “आधी मेलेल्या वाडवडलायले देऊन राह्यले. त्यायच्या घरी त्याबिगर पयला घास कोनी तोंडात घालत नाई.”

दुसरा चमचा तोंडात गेला. मी फोन गळ्याशी धरला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग कंठमणी वर गेला, खाली आला.

“भाऊ, काहीतरी बोला. आवाज ऐकू द्या.”

मडावीभाऊंनी मोबाईलकडे पाहिलं.

“बाई, जेवल्या का?”

मॅडम म्हणाल्या, “नाही, अजून नाही.”

“मंग काऊन बसल्या? जा, जेवा आधी!”

आवाज स्वच्छ होता.