ताणावरची झाडं आणि मास्तरची कादंबरी

मास्तर माझा शाळेपासूनचा दोस्त. सौसरच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे तो पांढुर्ण्यात मास्तर झाला, मी बोरगावजवळचा आमचा संत्र्याचा बगीचा धरला. लिहायची खाज दोघांनाही. पण त्याची कादंबरी छापून आली, आणि माझ्या कथा दिवाळी अंकांकडून साभार परत येतात. जळतो मी त्याच्यावर. हाव, जळतो. लपवू कशाला?

आणि कादंबरी तरी कशाची, तर परग्रहावरची! तिथं एक जात आहे, एका जागी उभी राहणारी, मुकी. तहानेनं जीव जायला आला, की तिच्या अंगातून उजेड पाझरतो. माणसांची कंपनी तो उजेड विकते, म्हणून त्या जातीला मुद्दाम तहानलेलं ठेवते. एक बाई त्या मुक्या जिवांच्या बाजूनं उभी राहते आणि साऱ्या कंपनीशी भांडते.

आता हे सुचलं कुठून? माझ्या बगीच्यातून! मागच्या हिवाळ्यात मास्तर आला होता. आंबिया बहारासाठी आम्ही झाडं ताणावर सोडतो, म्हणजे त्यांचं पाणी तोडतो. पानं सुकून वळतात, मग पाणी दिलं की झाड फुलांनी भरतं. त्यानं विचारलं, "मरत नाई का रे?" मी म्हटलं, "मरत नाई बाप्पा. तहानलं का बरोब्बर फुलते." हे वाक्य त्यानं कंपनीच्या मुकादमाच्या तोंडी जसंच्या तसं घातलं. बगीचा माझा, बोलणं माझं, अन् नाव त्याचं! वरून खलनायकही मीच.

बायकोनं ते पुस्तक सैपाक करता करता संपवलं. माझी कथा हातात दिली की तिला जांभया येतात. "चांगली हाये जी," म्हणते आणि भाजी निवडायला घेते. या पुस्तकावर मात्र पदरानं डोळे पुसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यंदा पुन्हा बगीचा ताणावर होता. एका दुपारी सौसरच्या बाजारातून आलो, तर विहिरीवरची मोटर चालू. घरालगतच्या दोन रांगांच्या आळ्यांत पाणी भरलेलं, आणि बायको पाइप धरून उभी.

"काय करून राहिली वं तू? ताण तोडला ना! आता फुलं येत नाईत, नुसती पानं फुटतात!"

"मले मालूम हाये," ती म्हणाली. शेतकऱ्याचीच पोर ती. "पन घरातून निघालं का हेच झाडं समोर दिसतात. ते पुस्तक वाचल्यापासून मले पाह्यवतच नाई जी."

मी मोटर बंद केली. मग तोंडाला येईल ते बोललो. तिनं पाइप गुंडाळून ठेवला.

बहार आला तेव्हा सारा बगीचा पांढरा झाला. त्या दोन रांगा तेवढ्या हिरव्यागार, कोवळ्या पानांच्या. मास्तर आला, तर बायकोनं त्याला मुद्दाम तिकडं नेलं आणि सगळं सांगितलं. तो नुसता झाडांकडं पाहत राहिला. हातातला चहा गार झाला, तरी त्याला भान नव्हतं.

मी आंगणातून पाहत होतो. त्याला मोठा पुरस्कार मिळाला असता, तरी इतका जळलो नसतो. माझं लिहिलेलं वाचून तिनं असाच बगीचा बिघडवला असता, तर सारा बहार मी तिच्यावरून ओवाळून टाकला असता.