जास्तीची वाट

माझ्या भाचीला सगळे बेडकी म्हणतात. नाव मीच ठेवलं आणि तिला ते आवडतं. ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पुढे जायचा प्रकार, त्यात ती लहानपणापासून तरबेज. मी शिवणकाम करते. खाली माझं दुकान, वर दादाचं, म्हणजे तिच्या बाबांचं घर. दर वर्षी तिच्या खांद्यांना माझी टेप कमी पडायची. "पोरी, आता तुला पडद्याचं कापड लागणार," मी म्हणायची, आणि ती दंड फुगवून दाखवायची.

एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. डबा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला पोहण्याच्या तलावावर गेले होते. सर, म्हणजे तिचे प्रशिक्षक, काठावरून ओरडत होते आणि ती झपाझप येत होती. अचानक मध्येच थांबली. रांगा वेगळ्या करणाऱ्या दोरीवर हात टाकून लोंबकळली. तोंड कागदासारखं पांढरं. सरांनी बुटांसकट उडी मारली.

काठावर आणल्यावर मी तिच्या मानेवर हात ठेवला. मशीनचा धागा तुटावा आणि पाय मात्र पेडलवर दाबलेलाच राहावा, तशी नाडी नुसती धावत होती. सरांनी अँब्युलन्ससाठी फोन लावला. तेवढ्यात एक हिसका बसला आणि सगळं जागेवर आलं.

बेडकीने डोळे उघडले. "झालं. थांबलं. उरलेल्या फेऱ्या करू का?"

"फेऱ्या?" सरांचा आवाज फाटला. "अगं, मरायला टेकली होतीस!"

तेव्हा कळलं की हे पहिल्यांदा नव्हतंच. शाळेपासून होत होतं. "मला वाटायचं सगळ्यांनाच होतं," ती म्हणाली. "दम लागल्यावर."

तपासण्या झाल्या. हृदयाच्या ठोक्यांचा इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज जायला एकच वाट असते. बेडकीला जन्मापासून दोन. कधीतरी वीज एका वाटेने खाली उतरते, दुसरीने वर चढते आणि गोल गोल फिरत राहते. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या, जास्तीची वाट शोधायची आणि तेवढाच ठिपका जाळायचा. तोपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही.

"पाण्यात शुद्ध गेली तर तुला बाहेर काढायला दर वेळी कोणी बूट घालून उभं नसेल," बाई म्हणाल्या.

"मग लवकर जाळा," बेडकी म्हणाली.

दादाला मात्र घाम फुटला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. हाताने चांगला, मनाने काळजीचा कारखाना. घरी आल्या आल्या त्याने फर्मान काढलं. "हृदयात तारा-बिरा काही नाही. पोहणं बंद. अभ्यास कर, नोकरीला लाग. पोहण्याशिवाय जग चालतं."

"जग चालतं हो बाबा. मी नाही चालत."

"मी सही करणार नाही."

"तुमची सही लागतच नाही. माझी लागते."

वहिनीने दोघांच्या पुढ्यात ताटं इतकी आदळली की वाटी पालथी झाली.

धीर द्यायला माणसांची रीघ लागली. माझ्या दुकानात ब्लाउज टाकायला आलेली बाईसुद्धा वर डोकावून यायची. "वेळीच कळलं, नशीब समज. आता शांत राहायचं." बेडकी हसून विचारायची, "शांत म्हणजे कसं? झोपून की बसून?" समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती जिन्यातून खाली. तलावावर संघाच्या यादीतून तिचं नाव काढलं होतं. सरांनी समजूत म्हणून तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं. तिने ते परत त्यांच्या गळ्यात अडकवलं. "सर, दुसऱ्यांची वेळ घ्यायला मी येत नाही. माझी जागा कोणी बळकावत नाही ना, ते बघायला येते." आणि काठावरच्या बाकावर हाताची घडी घालून रोज बसायची. पाण्याकडे बघत नसे; पाण्यातल्या मुलींकडे बघायची, आणि त्या बिचाऱ्या चुकायच्या.

दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले. दादा येणार नाही म्हणाला होता. आम्ही पोचलो तर हा आमच्या आधीच येऊन खुर्चीत बसलेला, चष्मा पुसत.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. तिला जागं ठेवलं होतं. गाढ झोपवलं तर ती धावपळ पकडता येत नाही म्हणे. मांडीपाशी बधिर केलं. तारा आत गेल्या. मग बाईंनी मुद्दाम विजेच्या बारीक टिचक्या देऊन हृदयाला डिवचलं, आणि ते धावत सुटलं.

"हेच ते!" बेडकी टेबलावरून ओरडली. "हाच चोर!"

चोर सापडला, पण तो राहत होता नेमका मालकाच्या भिंतीला भिंत लावून. जास्तीची वाट मूळ वाटेला खेटून होती. जाळताना धग पलीकडे गेली असती तर मूळ वाटच संपली असती, आणि मग जन्मभर ठोके देणारं यंत्र छातीत बसवावं लागलं असतं.

"मी इथे जाळणार नाही," बाई म्हणाल्या.

"थांबू नका. मी सही केली आहे."

"सही तुझी, हात माझा. तू हट्टी आहेस म्हणून मी तुझं चांगलं चाललेलं उडवून देणार नाही."

तिला बाहेर आणलं तेव्हा डोळे लाल होते. दादाने तिच्या कपाळावर हात ठेवला. "जाऊ दे बाळा. प्रयत्न केलास. सुटलो आपण."

"तुम्ही सुटलात," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः तिच्या खाटेशी आल्या. जाळण्याऐवजी गोठवण्याची एक पद्धत आहे, ते यंत्र दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात आहे, असं त्यांनी सांगितलं. आधी नुसतं गार करून बघायचं. मूळ वाट अडखळली तर लगेच पुन्हा ऊब द्यायची. बहुतेक वेळा ती सावरते. चुकलं तर परतायला जागा राहते. मात्र गोठवलेली वाट पुढे कधीतरी परत उघडण्याची शक्यता जाळण्यापेक्षा जास्त.

"उघडली तर?" दादाने विचारलं.

"तर पुन्हा यावं लागेल."

"तर पुन्हा येईन," बेडकी म्हणाली.

घरी आल्यावर दादा बराच वेळ तिच्या खोलीच्या दारात उभा होता. मी तिच्या पलंगावर बसून तिचा जुना कुर्ता उसवत होते. शेवटी त्याने विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. टेबलावर तर दात वाजत होते माझे."

"मग कशाला?"

"वाटते म्हणून तिचं ऐकायचं का, बाबा? उद्या ती म्हणेल जिना चढू नको. परवा म्हणेल हसू नको. मी कुठवर ऐकू?"

वहिनी मागून आली आणि त्याला म्हणाली, "लहानपणी हिला पाण्यात पहिल्यांदा कोणी सोडलं होतं? मी काठावर रडत होते आणि तुम्ही म्हणत होतात, हात सोडल्याशिवाय येणार कसं." दादाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातली गोष्ट बाहेर सांगितली. मग गेला आणि प्रवासाची तिकिटं काढून आला. चौघांची.

दुसऱ्या खेपेला आमच्या बाईही तिथल्या डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहिल्या. हे काही त्यांच्या कामात बसत नव्हतं. पहिल्या जागी गार करताच मूळ वाट लंगडली. सगळे थबकले. ऊब दिली, वाट सावरली. तार केसभर सरकवली. पुन्हा गार. बेडकी यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. ठोक्याच्या रेघेला सुरुवातीपासून एक उतार असायचा, जास्तीच्या वाटेची खूण. एका ठोक्याला तो होता, पुढच्याला नव्हता.

"गेला?" तिने विचारलं.

"श्वास घे आणि गप्प पड," आमच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पुन्हा टिचक्या देऊन बघितलं. हृदय काही चिडलं नाही.

पाण्यात परत जायची परवानगी मिळाली तेव्हा ती काठावर फार वेळ उभी राहिली नाही. सरळ उडी. पण दम कुठे होता! पहिले दिवस शाळकरी पोरं तिच्या पुढून जायची आणि ती पाण्यातच त्यांना दटावायची. एकदा छातीत दोन-तीन ठोके चुकले. ती काठाला आली, दोन बोटं मानेवर ठेवली, थांबली. त्याच दिवशी बाईंनी तपासलं: साधे चुकार ठोके, वाट बंदच होती. सही-शिक्क्याचा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी ती परत तलावावर हजर.

पुढच्या वर्षी संघाची निवड होती. आम्ही सगळे गेलो. बेडकी पाचवी आली. घेणार होते चौघींना.

आयोजकांपैकी एक गृहस्थ प्रेमाने पुढे आले. "शाब्बास! एवढ्या आजारातून उठून पाचवी म्हणजे आमच्या दृष्टीने पहिलीच. तुझा खास सत्कार करू या."

तिच्या केसांतून पाणी गळत होतं. "आजारी माणसांची शर्यत होती का ही?"

"तसं नाही गं—"

"मग पाचवी म्हणजे पाचवीच. चौथी माझ्यापेक्षा चांगली पोहली. सत्कार तिचा करा."

गृहस्थ वरमले. मला वाटलं दादा आता तिला गप्प करील. तो म्हणाला, "बरोबर बोलतेय ती," आणि तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

ती सरांकडे वळली. "सर, शेवटच्या वळणाला माझा पाय भिंतीवर नीट बसला नाही."

"नीट? घसरलाच होता!"

"मग तेव्हा का नाही ओरडलात?"

"ओरडलो! तुझं डोकं पाण्यात होतं!"

दोघं भांडत भांडत तलावाच्या त्या टोकाला गेले. शर्यती संपल्या होत्या, पाणी मोकळं होतं. बेडकीने टॉवेल दादाच्या अंगावर फेकला आणि वळण घ्यायला पुन्हा आत उतरली.