कार्डाची बेगमी

काशीबाईच्या घरी पत्र्याचा एक डबा होता. त्यात आगोटीची बेगमी भरलेली: सुके बोंबील, जवळा, सोडे. पाऊस लागून बोटी किनाऱ्याला ओढल्या की मगच तो उघडायचा. घरादाराला मिळून मिळालेलं उपचाराचं सरकारी कार्डही तिनं प्लास्टिकात गुंडाळून त्यातच ठेवलं होतं. बोंबील खाल्ले की संपतात, तसं कार्डही वापरलं की संपणार, असं तिचं पक्कं गणित. नवरा बळवंत गेल्या वर्षी छातीत कळा येऊन गेला, तेव्हाही तिनं झाकण काढलं नव्हतं. "राऊ दे, पुडं घराला लागंल," असं तोच म्हणाला होता. आता सून भाविका पोटुशी होती. कार्ड तिच्या बाळंतपणासाठी.

म्हणून सातपाटीच्या बाजारात शिंगाळा माशाचा काटा बोटात घुसला, तेव्हा म्हातारीनं हळद चेपली आणि पाटी उचलली. बोट सुजलं, ते पदराआड गेलं. अंगात ताप फणफणला, तरी बाई मासे कापतच होती. हट्टाला काही सुमार!

शेवटी भाविकानं पदर ओढला आणि ती किंचाळलीच. बोट काळंनिळं पडलं होतं.

"आई, कार्ड काढा. पालघरला इस्पितळात जायचं."

"कारड तुज्यासाटी हाय. डब्याला हात लावू नको!"

भाविकानं भर उन्हाळ्यात डबा उघडला. अडवायला उठलेली काशीबाई भोवळ येऊन भिंतीला टेकली.

रिक्षात लाली मनगटावरून वर सरकताना तिला दिसत होती. आता मात्र ती घाबरली. हात गेला तर मासे कशानं कापायचे?

"बोट काढावं लागेल, लगेच. थांबलात तर हात जाईल," डॉक्टर म्हणाले.

तरी कार्डाच्या खिडकीशी, कार्ड धरलेली तिची चांगल्या हाताची मूठ सुटेना. "सुनेच्या टायमाला संपलं मंजे?"

"आजी, बाळंतपण इथं तसंही फुकट होतं," खिडकीतला आरोग्यमित्र म्हणाला. "आणि कार्ड संपून जात नाही. दर वर्षी नव्यानं भरतं."

"दर वरसाला?"

"हो. तुम्ही तर अजून एकदाही वापरलेलं नाही."

मूठ सुटली.

"मंजे ह्ये गेले," तिनं हळूच विचारलं, "तवा बी ते भरलेलंच व्हतं?"

आरोग्यमित्राला काही कळलं नाही. त्यानं कार्ड घेतलं आणि नाव विचारलं. काशीबाईचं नाव भाविकानं सांगितलं.