खैऱ्याचा खांदा

१९३७ साली डॉक्टर बंडोपंत आखाडा बाळापुरात मंजुळाबाईंच्या अंगणात पहिल्यांदा आले, तेव्हा म्हणे त्यांच्या टोपीच्या सावलीला सतरा कोंबड्या येऊन बसल्या, बुटांचा आवाज पार वसमतेपर्यंत गेला आणि म्हशीनं आठ दिवस दूध दिलं नाही. मंजुळाबाई स्वतः सांगायच्या, म्हणजे खरंच असणार. साहेब हैदराबादेहून शिकून आलेले. बाई कंबरमोडीचा पाला वाटून गावाच्या जखमा बऱ्या करणाऱ्या, तेही फुकट.

"मावशी, पाल्यात गुण आहे का पारखू," डॉक्टर म्हणाले. "दिसला तर माझ्या दवाखान्यात मानानं बसा. नाही दिसला तर पाला देणं बंद."

"व्हय. शब्द दिला."

चाळीस वर्षांचा पाला पणाला लागला.

हळदीला पाणी देताना मोट ओढून गावातल्या उकंडरावांच्या दोन्ही बैलांचे खांदे सारखेच सोलले होते. चांद्याला पाला लावायचा, खैऱ्याला नुसतं पाण्यानं धुवायचं, असं ठरलं.

"आन् खैऱ्यानं कुणाचं घोडं मारलं?"

"बिनऔषधाचा बरा होतो का, तेच बघायचंय."

पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन कंबरमोडीच्या झाडाला अक्षता वाहिल्या. "उद्या न्यायला येते गं, चल माझ्यासंग." न बोलावता तोडलेलं झाड रुसतं. डॉक्टरांनी वही काढली. "अक्षता किती?" "चिमूटभर." त्यांनी ते औषधाच्या मात्रेत लिहिलं.

चार दिवस बाईंनी मन घट्ट केलं. पाचव्या दिवशी खैऱ्यानं त्यांचा हिरवा हात चाटला आणि पंगतीत पत्रावळ न मिळालेल्या पोरासारखा बघत राहिला. डॉक्टर विहिरीवर तोंड धूत होते. बाईंनी उरलेला पाला त्याच्या खांद्यावर थापला. मग रोजच.

"मावशी, खैऱ्याला हिरवं कशाचं?"

"गवतात लोळला असंल. तुमी काहून तकलीफ घेता? मी धुते."

डॉक्टरांनी लिहिलं: बैल लोळतो.

सतराव्या दिवशी दोन्ही खांदे बरे झाले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी दवाखान्यात बाईंसाठी पाट आणून ठेवला होता.

"मावशी, बिनऔषधाचाही बरा झाला हो."

खरं ओठावर आलं, पण शब्द मोडला होता तो बाईंनीच. त्यांनी खैऱ्याचा खांदा चाचपला.

"बरा झाला न्हवं? मग झालं."

त्या दिवसापासून त्यांनी पाला देणं बंद केलं. खांदे बरे झाले, आता भाव चांगला येईल म्हणून पोळ्याच्या आधी उकंडरावांनी दोन्ही बैल बाजारात विकले.