आम्ही तिघं आणि एक सिनेमा

नाटक मंडळातले आम्ही जुने लोक भेटलो की चहा निवून जातो, पण त्या सिनेमाचे किस्से संपत नाहीत. दर वेळी कुणी तरी एखादा नवा काढतोच. सगळे हसतात. मीही हसते, पण कान तापलेले असतात.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आलापल्लीच्या सागाच्या जंगलात मुंबईवाल्यांचं शूटिंग लागलं. थोडा हसवणारा, थोडा रडवणारा घरगुती सिनेमा. सावली गावच्या आमच्या नाटक मंडळातले तिघं त्यात घेतले गेलो: विनोदी नट गंगाधरभाऊ, खलनायक करणारे रहीमभाऊ आणि मी.

सासूबाईंनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. "तोंड रंगवून लोकाइपुढे उभी राह्यते," म्हणायच्या. सिनेमा तरी त्यांना दाखवायचा, एवढीच माझी आस होती.

*

पहिल्याच दिवशी गंगाधरभाऊंनी असं वाक्य फेकलं, की आवाजवाल्याने कानांवरचा हेडफोनच काढून टाकला!

"भाऊ, जरा हळू," डायरेक्टर म्हणाले.

"मंग मागच्या लोकाइले कसं ऐकू येईन जी?"

मागे नुसतं जंगल होतं!

*

रहीमभाऊंचा मरायचा सीन. गोळी लागली, भाऊ झकास मेले. बघायला जमलेलं गाव ओरडलं, "वन्स मोअर!"

कॅमेरा चालूच होता. भाऊ उठले, नमस्कार केला आणि पुन्हा मेले!

डायरेक्टरनी डोकं धरलं. भाऊ म्हणाले, "साहेब, पब्लिकचा मान ठेवा लागते ना!"

*

मी लग्नघरात पाणी देणारी बाई, माझं एकच वाक्य होतं. त्यात 'मला' म्हणायचं होतं, तोंडातून 'मले' निघायचं. सगळं युनिट हसायचं. मधल्या सुट्टीत घरी आले, तर भांडी घासताना मी घोकत बसले, "मला, मला, मला..."

आतून सासूबाई ओरडल्या, "काय पाह्यजे वं तुले?"

शेवटी डायरेक्टर म्हणाले, "राहू द्या बाई, आवाज मुंबईत दुसरीचा टाकू."

*

सिनेमात गंगाधरभाऊ फक्त शेणात पडताना दिसले. तरी पुढे नाटकाच्या बॅनरवर त्यांच्या नावामागे 'सिनेस्टार' लागलं! कोरपन्याच्या प्रयोगात त्यांनी गंभीर बापाची भूमिका घेतली. लेकीची पाठवणी चाललेली, भाऊंच्या डोळ्यांत खरं पाणी. तेवढ्यात प्रेक्षकांतून हाक आली, "भाऊ, पडा ना!"

मग सगळेच ओरडू लागले. शेवटी भाऊ पडले. टाळ्या थांबेनात. विंगेत येऊन माझ्याकडे न बघता त्यांनी मिशी काढली.

*

आणि सिनेमा लागला तेव्हाचा हा किस्सा.

चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये सासूबाई नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसल्या. मी वाट बघत होते. लग्नघर आलं, पाणी देणारी बाई आली... फक्त पाठ! तोंड, वाक्य, सगळं कापलेलं. मी मान खाली घातली. कळलं नसेल त्यांना, एवढंच मनात.

पण चुलीपुढची ती पाठ त्या रोजच बघत होत्या.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. मागून लोक ओरडले, "बसा ना बाई!" त्यांनी मागे, सिनेमाच्या मशीनच्या खिडकीकडे हात केला.

"ओ भाऊ, थांबवा ना जी! आमची सून हाये ते. जराशी इकडे फिरू द्या तिले!"