जागेश्वरची 'पक्की'

आमगावाजवळच्या एका खेड्यात जागेश्वर बिसेन "पक्की" म्हणाला की गोष्ट खरी, तोवर नुसती आवई. इकडं सडक पक्की असते, घर पक्कं असतं, पण पक्की बात फक्त जागेश्वरच्या तोंडची. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. एकदा नाल्यावर वाघ आल्याची बोंब उठली. लोक घरात दडले, हा बहाद्दर नाल्यावर गेला. तासाभरानं मोहाच्या झाडावरून त्याची हाक आली, "पक्की!" त्याला उतरवायला वनखात्याची गाडी बोलवावी लागली.

असा माणूस पोरीचा बाप झाला, आता बोला! मंजूला आमगावचंच स्थळ आलं. मुलगा उमेंद्र, पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून बांधून द्यायचं दुकान. पोराच्या हाताला कसब आहे का हे पाहायला जागेश्वरनं आपली चांगली चालती मोटार मुद्दाम जाळली आणि अनोळखी गिऱ्हाईक बनून दुकानात नेली. उमेंद्रनं ती दुपारपर्यंत बांधून दिली, बिनसाखरेचा चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. जागेश्वरचं डोकंच फिरलं. हा दानशूर की साखर वाचवणारा कंजूष?

रविवारी मुलाचे वडील यादोराव शेवटचं विचारायला आले. आज होकार नाही, तर ते दुसरीकडे जाणार होते. जागेश्वरनं त्यांचं घर पाहिलं होतं, विहिरीतही वाकून पाहिलं होतं. पण पोरगी तिथं सुखात राहील, हे कुठं वाकून पाहायचं? त्यानं यादोरावांना तिसऱ्यांदा पाणी विचारलं. यादोरावांनी चपला घातल्या.

तेवढ्यात मंजू दारात आली.

"बाबूजी, डोळ्यानं पाह्यलं म्हंजे पक्की ना?"

"होय."

"मंग पक्की हाय. दोन साल झाले, मी त्याले रोज पाहून राहिली. कॉलेजच्या रस्त्यावरच दुकान हाय."

तिची आई शामकला हातातली बशी ठेवायची विसरली. जागेश्वरला खरं तर संताप यायला हवा होता, पण नियम त्याचाच ना!

"बसा जी," तो यादोरावांना म्हणाला. "पक्की."

जन्मात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून हे बोलला.

पाहुणे गेल्यावर तो मोटारीजवळ जाऊन उभा राहिला.

"माह्या शुगरची खबर होती त्याले," तो शामकलाला म्हणाला. "मंजूनं सांगतली असन. आन् मी त्याले कंजूष समजलो."

"तुमी रडून राहिले का?"

जागेश्वरनं डोळ्याला बोट लावलं, बोट उजेडात धरून नीट पाहिलं.

"पक्की," तो म्हणाला.